जाळं जड लागलं तेव्हा
माझे बाबा पन्नास वर्षं समुद्रावर गेले आणि त्यातली निम्मी कुणाशी ना कुणाशी भांडत होते. राखीव क्षेत्राच्या बैठकीतही भांडले, पण तेव्हा उलट्या बाजूने. खडकांचा भाग बंद ठेवा, मासा तिथे वाढू दे, आणि आत जाळं टाकेल त्याचा परवाना पहिल्याच चुकीला रद्द करा, असं त्यांनीच मांडलं. ताकीद वगैरे लाड नकोत, म्हणाले. लोकांनी नाकं मुरडत हात वर केले.

हद्दही त्यांनीच सांगितली. किनाऱ्यावरची पाण्याची टाकी शाळेच्या छपरामागे लपली, की तिथून पुढे बंद. नंतर हद्दीवर तरंगती पिवळी पिंपं बसवली, ती वादळात वाहून गेली. खूण तेवढी राहिली.

आमच्या होडीत खूण बघणारा एकच. दोघांनी बघितलं की दोन मतं होतात आणि मग होडी भलतीकडेच जाते, हे आजोबांचं म्हणणं. त्यामुळे बाबा किनाऱ्याकडे तोंड करून बसायचे आणि मी किनाऱ्याला पाठ करून इंजिन धरायची. त्या सकाळी ते "बस, इथेच" म्हणाले आणि आम्ही जाळं सोडलं.

दोन तासांनी ओढायला घेतलं तर जड लागलं. मी वेड्यासारखी खूश. पहिलाच मासा माझ्या हाताएवढा लांब, दुसरा त्याहून मोठा. आज नशीब उघडलं म्हणून मी हसले. बाबांनी माशाच्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि जाळं ओढायचं थांबवलं. एवढा जुना मासा हद्दीबाहेर वीस वर्षांत कुणाला मिळाला नव्हता. मग मी मान वळवली. टाकी दिसत नव्हती, नुसतं शाळेचं छप्पर. परवाना गेला तर होडी दारात सडणार, आणि या वयात बाबांना दुसऱ्याच्या होडीवर कोण घेणार?

जाळं कापून टाकू म्हणेपर्यंत गस्तीची बोट आलीच. गस्तीवाला माझ्याच वर्गातला, लहानपणी आमच्याकडे जेवलेला. त्याने मासे पाहिले, छप्पर पाहिलं, आणि आवाज खाली आणला. पाण्याच्या ओढीने आत आलेल्या जाळ्याला नियमात माफी होती.

"आज ओढ फार आहे. बाहेर टाकलेलं आत आलं, असंच ना, काका?"

मी घाईघाईने मान डोलावली. बाबांचे ओठ कोरडे पडले होते. वादळाची टिंगल करणाऱ्या या माणसाला घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"नाही. मी इथेच टाकलं. टाकी मला दिसत नाही."

त्याने विचारलं, "आज धुकं तर नाही. कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. किनारासुद्धा नुसता पांढरा दिसतो. मनात मोजत जातो. आज मोजताना चुकलो."

गस्तीवाल्याने मान खाली घालून परवाना मागितला, बाबांनी दिला. मला त्याचं काही वाटेना. मी बंदराकडे बघत राहिले. बंदराच्या तोंडाशी दोन खडकांमधून जेमतेम एक होडी जाते. रोज पहाटे अंधारात बाबा होडीच्या पुढच्या टोकाला उभे राहून म्हणायचे, "सरळ घे, मी बघतोय." आणि मी इंजिन पूर्ण वेगात सोडायची.