किन्नौरला नेलेल्या गोवऱ्या

आम्ही दोघं तंबू घेऊन हिमालयात चाललोय हे कळल्यावर अकोल्यातल्या आमच्या गल्लीनं एकच प्रश्न विचारला, "काहून, तुमाले घर नाही काय?" प्रश्न रास्त होता. घर आहे, त्याला वरचा मजला आहे, कूलरही आहे. आमच्याकडे घर असताना बाहेर झोपणारा माणूस एकतर शेत राखत असतो, नाहीतर बायकोशी भांडलेला असतो. मी भांडलो नव्हतो. भांडलो असतो तर निदान बोलणं तरी झालं असतं.

खरं कारण पुण्यात होतं. मुलाकडे बाळ झालं होतं, सून पुन्हा नोकरीवर जाणार होती, आणि मुलाचा फोन आला की बाळ जरा मोठं होईपर्यंत आईला पाठवा. मी मोठ्या मनाने, स्पीकर चालू ठेवून, "हो हो, पाठवतो ना" म्हणून मोकळा झालो. बायको समोर शेंगा निवडत होती. तिनं शेंगांची पुढची मूठ ओढली. फोन ठेवल्यावर मी हिशेब केला. 'बाळ जरा मोठं होईपर्यंत' म्हणजे किती, हे आमच्या गल्लीला चांगलं ठाऊक आहे. अशा गेलेल्या दोघीजणी अजून तिकडेच आहेत. त्यांचे नवरे डब्यातल्या पोळ्या खातात आणि संध्याकाळी ओट्यावर बसून डब्यातल्या भाजीला नावं ठेवतात. मला त्या ओट्यावर तिसरा व्हायचं नव्हतं.

'जाऊ नको' एवढंच म्हणायचं होतं, पण तिथंच घोडं पेंड खात होतं. लग्नाला तीसेक वर्षं झाली, पण आमच्यात असं काही बोलायची रीत पडली नव्हती. आमचं बोलणं म्हणजे गॅस संपला, पाणी आलं, अमक्याकडे लग्न आहे. म्हणून मी अमरावतीला जाऊन तंबू आणला. बर्फाचे चार डोंगर बघितले की माणूस हळवा होतो आणि आपले बेत बदलतो, असा माझा अंदाज होता. अर्थात हळवं तिनं व्हायचं होतं आणि बेतही तिचाच बदलायचा होता. मी फक्त गाडी चालवणार होतो.

रंगीत तालीम चिखलदऱ्याला ठेवली. काठ्या, दोऱ्या, खुंट्या यांच्याशी झुंजून तंबू उभा केला, तोवर परतवाड्याच्या तिच्या मामांना कुणीतरी बातमी पोचवली होती. ते जीप घेऊन हजर झाले. आपलं घर इतक्या जवळ असताना भाची उघड्यावर झोपणार, हा त्यांना घराण्याचा अपमान वाटला. त्यांनी स्वतःच्या हातानं खुंट्या उपटल्या, आम्हाला परतवाड्याला नेलं, आणि तंबूतली आमची पहिली रात्र त्यांच्या माडीवर पंख्याखाली गेली. धडा असा मिळाला की नातेवाइकांच्या टप्प्यात तंबू टिकत नाही. तिच्या माहेरचा गोतावळा तेल्हाऱ्याहून निघून कुठंकुठं पसरलाय. मी नकाशावर बोट फिरवत गेलो, आणि जिथं तिचा एकही मामा निघाला नाही, ते तिबेटच्या हद्दीला टेकलेलं किन्नौर निघालं.

सामानात कुकर होता, ज्वारीचं पीठ, तवा, परात होती, आणि डिकीत गोवऱ्यांचं एक पोतं होतं. गोवऱ्या माझ्या हट्टापायी. घरात मला चहासुद्धा धड येत नाही, पण रोडगे मात्र माझ्या हातचे. आमच्याकडे पुरुष घरात पाण्याचा गिलास उचलत नाही, पण तोच शेतात किंवा मारुतीच्या पारावर गोवऱ्या पेटल्या की बाह्या सावरून आचारी होतो. जाडसर कणकेचे गोळे निखाऱ्यात भाजायचे, फोडून त्यावर तूप ओतायचं, सोबत वरण. बर्फाच्या पायथ्याशी तिला रोडगे खाऊ घालायचे आणि मग विषय काढायचा, असं ठरवून मी ते पोतं बैतूल, भोपाळ, ग्वाल्हेर करत अर्ध्या हिंदुस्थानातून फिरवलं. गाडीत वास येत होता. तिनं काच खाली केली.

हद्दीच्या अलीकडे एका चौकीवर जवानानं डिकी उघडायला लावली. पोत्यात हात घातला आणि लगेच बाहेर काढला. मी त्याला हिंदीतून रोडग्यांची कृती सांगू लागलो. त्यानं ती शेवटपर्यंत ऐकली आणि मग रस्त्यापलीकडच्या घरांकडे बोट दाखवलं. भिंतीभिंतीला थंडीसाठी गोवऱ्या रचून ठेवलेल्या होत्या. तेल्हाऱ्याच्या माणसाला कापूस भेट न्यावा, तसं मी करून बसलो होतो. बायको हसली, आणि इतकी हसली की तिला गाडीला टेकावं लागलं.

पंचाईत अशी की त्यानंतर ती हसतच राहिली. अंगणात मटार सोलत बसलेल्या बायांमध्ये जाऊन बसली, तिची वऱ्हाडी हिंदी आणि त्यांची पहाडी हिंदी यांचं छान जमलं. थंड पाण्यात पाय सोडून बसली. घराची आठवण म्हणून तिनं एकदाही काढली नाही. आपल्यावाचून या बाईचं पान हलत नाही, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. तिथं मला दिसलं की तिचं सगळं झाड मजेत हलतंय. मला ते पाहून आनंद व्हायला हवा होता. मला धास्ती बसली.

त्याच संध्याकाळी नदीकाठच्या मोकळ्या जागेत मी गोवऱ्या पेटवल्या. वारा असा की धूर तेवढा आमच्याकडे आणि ऊब सगळी तिबेटकडे. रोडगे वरून कोळसा झाले, आतून कणीक राहिली. वरण कुकरमुळे वाचलं. तिनं जळका भाग खरवडून टाकला आणि एक रोडगा संपवला. समोरच्या शिखरावर अजून ऊन होतं. तूप ओतून हळवं करायची वेळ तर निघूनच गेली होती, म्हणून मी नुसतंच म्हणून टाकलं.

"पुन्याले नोको जाऊ."

तिनं ताटली खाली ठेवली. "हे माह्यासाठी म्हनता, का भाकरीसाठी?"

 मी काडीनं राख उकरली. खोटं बोललो असतो तर तिला कळलं असतं.

"दोनीसाठी," मी म्हणालो.

"मंग भाकर शिका," ती म्हणाली. "उरन ते माह्यासाठी."

परतीच्या वाटेवर दर मुक्कामाला शिकवणी सुरू झाली. पाणी किती गरम, पीठ किती मळायचं, परातीत थापताना हात कसा फिरवायचा. माझी भाकर कडेला चिरायची, उचलताना मोडायची, तव्यावर तुकडे जोडून भाजावी लागायची. तंबूसमोर उकिडवा बसून पीठ थापणाऱ्या म्हाताऱ्याचे फोटो काढायला पर्यटक थांबायचे, आणि ती त्यांना बाजूला होऊन जागा करून द्यायची. एकही भाकर तिनं माझ्या हातून काढून घेतली नाही. कच्ची असो, करपलेली असो, आम्ही तीच खायचो.

शेवटचा मुक्काम बैतूलच्या अलीकडे, एका ढाब्यामागच्या पटांगणात. तिथं दिवस मावळताना भाकर फुगली. चांगली टम्म फुगली, कडा शाबूत. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला खरोखर भीती वाटली. आतापर्यंत भाकरीच्या आडोशाला उभा राहून बोलता येत होतं. आता ती नाही म्हणाली असती, तर मलाच म्हणाली असती.

"भाकर येते आता मले," मी म्हणालो. "तरी बी नोको जाऊ."

तिनं भाकर मोडली, अर्धी माझ्या ताटात ठेवली, पापुद्रा काढून त्यावर तेल-तिखट घातलं. घास घेतला आणि सावकाश चावून गिळला.

"आता जातो," ती म्हणाली. "काही न म्हनता जाऊ देलं असतं, त मी वापस आली नसती."