शुक्रवारची चिठ्ठी

कॉलेजात तिला सगळे पोस्टमास्तरीण म्हणायचे. चॅपलच्या दाराशी प्रार्थनांची लाकडी पेटी होती आणि तिची किल्ली हिच्याकडे. दर बुधवारी ती पेटी उघडायची, चिठ्ठ्यांचे ढीग लावायची, परीक्षा, आजारपण, घरची भांडणं, नोकरी, आणि गुरुवारच्या मिस्सेत, म्हणजे चॅपलमधल्या उपासनेत, एकेक वाचून दाखवायची. प्रत्येक चिठ्ठीनंतर सगळे एका सुरात म्हणायचे, "प्रभू, आमची प्रार्थना ऐक." चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही, हा पेटीचा नियम. पोरगी मोठी शिस्तीची. लोकांच्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनाने सुधारून मगच देवापुढे ठेवायची, जणू ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर देव अर्ज परत पाठवेल.

त्या बुधवारी एक चिठ्ठी कुठल्याच ढिगात बसेना. जुन्या गीतपत्रिकेच्या पाठीवर, पेन्सिलीने, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'शुक्रवारी माझ्यासोबत कोणीतरी असावं.' शुक्रवारी पहिल्या वर्षाचा गणिताचा पेपर होता. तिने चिठ्ठी परीक्षेच्या ढिगात टाकली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पदरचं घालून वाचली, "शुक्रवारी परीक्षेत प्रभू माझ्यासोबत असावा." सगळे म्हणाले, "प्रभू, आमची प्रार्थना ऐक."

मिस्सा सुटली आणि ती चिठ्ठी तिच्या मनात कुसळासारखी सलायला लागली. देवाला कोणी 'कोणीतरी' म्हणतं का? हे तर माणसाकडे मागितलेलं. ती हॉस्टेलवर पहिल्या वर्षाच्या मुलींच्या खोल्या पालथ्या घालत फिरली. "उद्या तुला कोणी सोबत हवंय का?" एक जण म्हणाली, "हवंय ना. माझ्याऐवजी पेपरला बसतेस?" सगळ्या हसल्या. हिचा जीव मात्र टांगणीला लागला.

शुक्रवारी तिने तास बुडवले आणि सकाळपासून चॅपलमध्ये बसून राहिली. ज्याला कोणी हवंय तो इथे तरी येईल. कोणी आलं नाही. झाडणारी मावशीही आली नव्हती, बाकांवर धूळ तशीच. "आजच बरी दांडी मारली," असं पुटपुटत हिनेच झाडू हातात घेतला.

शनिवारी मावशी आली. मागेपुढे कोणी नसलेली बाई, तीन वर्षं हिच्या डोळ्यांसमोर झाडत होती. तिने जमिनीकडे पाहिलं.

"काल कोणी झाडलं?"

"मी."

"वेदीमागचा कोपरा राहिलाय."

"तुम्ही कुठे होता मावशी?"

"हॉस्पिटलात. पोटातली गाठ काढायची होती. सोबत माणूस नाही म्हणून परत पाठवलं. सहीला कोणीतरी लागतं म्हणे."

"मग मला सांगायचं तरी."

"सांगितलं की. पेटीत टाकलं होतं. गुरुवारी मी मागे दाराशीच उभी होते." मावशीने कोपऱ्याकडे झाडू वळवला. "तू वाचलंस. पण मी लिहिलं होतं ते नाही वाचलंस."

पोरीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. दर रविवारी त्यांचं सेवा मंडळ फळं घेऊन त्याच हॉस्पिटलात जायचं आणि अनोळखी माणसांच्या उशाशी बसायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

पुढची तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली. आधीची मिळावी म्हणून पोरीने हातापाया पडायचं बाकी ठेवलं नाही. या वेळी ती सोबत गेली, सही केली, दाराबाहेर बसली. तासाभरातच डॉक्टर बाहेर आले. गाठ पसरली होती. पोट उघडलं तसंच शिवून टाकलं होतं.

मावशी त्यानंतर एकोणीस दिवस काढू शकली. पोरगी तास संपले की हॉस्पिटलात येऊन बसायची, तिचे ओठ ओले करायची. तिला मावशीची माफी मागायची होती, पण दर वेळी ती 'पाणी हवंय का' एवढंच विचारायची. एकदा मावशीनेच विचारलं,

"पेटी उघडतेस ना अजून?"

"उघडते."

"मग लोक लिहितात तसंच वाचत जा."

मंगळवारी दुपारी मावशी गेली. हॉस्पिटलच्या ऑफिसातल्या कारकुनाने खिडकीतून कागद पुढे सरकवला. 'मृताशी नातं' असा एक रकाना होता. तीन वर्षं तिने मावशी अशी हाक मारली होती, सगळेच मारतात तशी, फुकटची. तिने पेन उचललं आणि लिहिलं, 'भाची'.

कारकुनाने जुने कागद चाळले. "ऑपरेशनच्या पहिल्या तारखेला तर इथे 'नातेवाईक कोणी नाही' असं लिहिलंय."

"तेव्हाही होते," ती म्हणाली. "आले नव्हते."