अर्जदारातर्फे मीराक्का

मधल्या सुट्टीत बीडचं कोर्ट रिकामं झालं, की मीराक्का हळूच आत शिरायच्या. पंखा तसाच फिरत असायचा, उन्हाचा पट्टा रिकाम्या खुर्च्यांवर पडलेला असायचा आणि या बाई समोर बघत, ओठ हलवत उभ्या. मी दारातून विचारायचो, "अक्का, जेवायचं न्हाई का?" त्या दचकायच्या. म्हणायच्या, "थांबा की भाऊ, उलटतपास चाललाय माझा."

आम्ही दोघं एकाच वकीलसाहेबांचे मुन्शी. फायली बांधायच्या, पक्षकारांना समजवायचं आणि साहेब बोलायला उभे राहिले की मागून हवा तो कागद पुढे सरकवायचा. मीराक्का शिरूर कासारकडच्या. लहानपणी आईबापाबरोबर उसाच्या फडावर जायच्या, म्हणून शाळा तुटत तुटत झालेली. पण डोकं असं, की कोणती तारीख कोणत्या कोर्टात, हे डायरी न उघडता सांगायच्या. निम्मं चित्त मात्र कायम दुसरीकडे. समोरच्या चहावर साय धरायची, तरी बाईंना पत्ता नाही.

मुक्त विद्यापीठातून बी.ए. झाल्या आणि एक दिवस साहेबांपुढे उभं राहून म्हणाल्या, "मला वकील व्हायचं हाय." वय चाळीस उलटलेलं! मी खो खो हसलो. "ह्या वयात कावून ताप करून घेता?"

"भाऊ, सपान पडायचं थांबंना, मंग काय करू?"

साहेब मोठ्या मनाचे. म्हणाले, जा. मग तीन वर्षं लॉ कॉलेजसाठी अंबाजोगाईची एसटी आणि मांडीवर कायद्याचं पुस्तक. एकदा तर वाचता वाचता अंबाजोगाई मागे पडली आणि बाई थेट लातूरला उतरल्या. आल्या त्या हसतच. "पर वारसा हक्क समदा वाचून झाला," म्हणाल्या.

सनद मिळाली, काळा कोट आला. साहेबांनी त्यांना ज्युनिअर म्हणून ठेवून घेतलं. एकटीनं उभं राहायचं पहिलं काम आलं ते कासाबाईचं. तिचा नवरा आठ वर्षांच्या पोरीला घेऊन तारखेच्याच दिवशी संध्याकाळी ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघणार होता. पोरीची शाळा सुटू नये, ती माझ्याकडे राहावी, एवढंच कासाबाईचं मागणं. मागच्या तारखेला साहेब आजारी होते, कुणीच उभं राहिलं नव्हतं. पुढच्या तारखेलाही कुणी हजर नसेल तर अर्ज काढून टाकू, असं कोर्टानं बजावलं होतं.

पुकारा झाला. आपल्या केसचा पुकारा कानावर पडला, की धावत जाऊन साहेबांना बोलवायचं, ही मुन्शीच्या अंगात भिनलेली सवय. मीराक्का उठल्या आणि कोटासकट धावत व्हरांड्यात! "साहेब! साहेब, पुकारा झाला!"

साहेब त्या दिवशी हायकोर्टात गेलेले. मी फायली घेऊन तिथंच उभा. "अहो अक्का, कुणाला हाका मारता? वकील तुमीच की!"

झोपेतून उठवल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तशाच माघारी पळाल्या, मी मागोमाग. न्यायाधीश लिहायला लागले होते. "अर्जदारातर्फे कोण?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

मीराक्का सवयीनं मागंच, मुन्शीच्या जागी उभ्या राहिल्या. कासाबाई पोरीचा हात घट्ट धरून बाकावर बसलेली. मला वाटलं, संपलं सगळं! मीच पुढं होऊन बोललो असतो, पण मुन्शीला तिथं बोलता येत नाही.

"मी हाय," मीराक्का म्हणाल्या. मग सावरून, "मी आहे, साहेब."

आणि बोलत गेल्या. त्यात कायदा किती होता, देव जाणे. पण पोर फडावर गेली की तिच्या दप्तराचं काय होतं, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं आणि ऐकलं. अर्जाचा निकाल लागेपर्यंत पोर आईजवळ राहील, असा हुकूम झाला.

कासाबाई पोरीला पोटाशी धरून गेली. मीराक्का पायरीवर बसून हमसून हमसून रडत होत्या.

"जिंकलात की! आता रडायला काय झालं?"

"भाऊ, इतकी वर्सं लोकाचं गाऱ्हाणं साहेबाच्या कानात सांगत व्हते. आज पयल्यांदा मोठ्यानं बोलले."

आता त्या अंबाजोगाईला स्वतःची वकिली करतात. त्या दिवशी मला त्यांचा लई हेवा वाटला, खरं सांगतो. अजून वाटतो. माझी सव्वीस वर्षं साहेबांच्या कानातच गेली.