उजवा स्पीकर

तापलेल्या स्टिरिओ रिसीव्हरचा धुळकट वास आला की मालवणच्या घरातले माझ्या पदवीच्या शेवटच्या परीक्षेचे दिवस आठवतात. बोटीवर नोकरीला असलेल्या मामांनी दिलेल्या रिसीव्हरवर बाबा रोज संध्याकाळी भजनं लावत, पण उजवा स्पीकर मुकाच. डावा-उजवा आवाज कमी-जास्त करणारं बॅलन्सचं बटण मी मधोमध आणलं की दोन्ही वाजत; दुसऱ्या दिवशी पुन्हा नुसता डावा. बटण ढिलं झालंय की खाऱ्या हवेने आतून गंजलंय, काही कळेना. बाबांची एवढी एकच हौस, तीही बिघडते की काय, अशी धास्ती वाटे. शेवटी आई हसली, "अरे शिकलेल्या माणसा, बाबाच फिरवतत ता बटण. उजवो स्पीकर तुझ्या खोलीच्या भिंतीक लागान आसा. तुझ्या अभ्यासाक त्रास नको म्हणान." मी ओशाळून पुस्तक घेऊन बाबांच्या शेजारी जाऊन बसलो, तर माझ्या हातातलं पुस्तक बघून त्यांनी रिसीव्हरच बंद केला. मला तुमच्याबरोबर ऐकायचंय, हे त्यांना कसं सांगावं ते तेव्हा सुचलं नाही, आजही सुचत नाही.