दोघांसमोर वाचणारे मुन्शीजी

मुन्शीजी एकट्या माणसाला कागद वाचून दाखवीत नसत. बीडच्या कोर्टासमोर, झेरॉक्सच्या दुकानालगत त्यांचे टेबल होते. निजामाच्या काळातले जमिनीचे उर्दू कागद, घाईत खरडलेल्या अक्षरातलेसुद्धा, ते सहज वाचीत. तरीही कागद पुढे करणाऱ्याला पहिला प्रश्न एकच असे, "दुसरी पार्टी कुठं हाय?" ती आली नसेल तर घडी न उघडता ते कागद परत देत. चहासुद्धा दोन्ही पक्ष मिळून पाजणार असतील तरच घेत.

त्यांच्याविषयी आमच्या दिंद्रुडमध्ये दोन हकिकती सांगितल्या जातात आणि दोन्ही खोट्या आहेत. पहिली अशी की, माझ्या पुतणीकडून काहीतरी घेऊन त्यांनी कागद माझ्याविरुद्ध वाचला. हे म्हणणाऱ्यांनी माझ्यासमोर येऊन म्हणावे. त्याच कागदाचे मी पुढे दुसऱ्या जाणकाराकडून भाषांतर करून घेतले. ते शब्दाशब्दाने तेच निघाले. दुसरी हकिकत माझ्या कौतुकाची आहे, म्हणून ती खोडून काढणे अधिक अवघड जाते.

वाद बांधावरच्या विहिरीचा होता. ती माझ्या आजोबांनी एकट्यांनी खोदली, असे माझे म्हणणे. अर्धी आमची, असे आजोबांच्या भावाच्या नातवाचे, म्हणजे माझ्या चुलतभावाचे. दावा चालू असतानाच भाऊ वारला आणि त्याची एकुलती मुलगी सुमन वारस म्हणून दाव्यात आली. ती नोकरीनिमित्त जर्मनीत. तिकडे समन्स बजावायचे कसे, मुखत्यारपत्रावर शिक्का कुणाचा हवा, यातच तारखांमागून तारखा गेल्या. मुन्शीजींना याची मोठी गंमत वाटे. "कज्जा दिंद्रुडचा, कोर्ट बीडचं, पार्टी जर्मनीत. सगळे फिरून ऱ्हायले, पाटील, हीर तेवढी जागची हालली न्हाई!"

अशात ट्रंकेतून मला आजोबांच्या अंगठ्याचा एक उर्दू कागद सापडला. तो माझ्याच बाजूचा असणार, याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. मी तडक मुन्शीजींना गाठले.

"पुतणीला बोलवा," ते म्हणाले.

"ती जर्मनीत आहे!"

"मग घाई काय हाय? कागद इतकी वर्सं थांबला, अजून थांबंल."

मी त्यांना नको ते बोललो आणि एसटी स्टँडकडे चालू लागलो. तीन आठवड्यांनी मीच परत गेलो. तोवर कोर्टाने प्रकरण मध्यस्थीकडे पाठवले होते आणि सुमन व्हिडिओवर हजर राहणार होती.

मध्यस्थीच्या दिवशी मुन्शीजी इस्त्रीचा सदरा घालून कोर्टात आले. कागद टेबलावर पसरून, एकेका ओळीखाली बोट ठेवीत त्यांनी आधी उर्दूत, मग मराठीत वाचले. विहीर दोघा भावांनी मिळून खोदली आहे. पाणी आठ-आठ दिवस आळीपाळीने घ्यावे. माझे कान तापले. माझे वकील छताकडे पाहू लागले. पडद्यावर सुमन शब्द न् शब्द टिपून घेत होती.

मुन्शीजींनी चष्मा काढला आणि पडद्याकडे वळून म्हणाले, "बेटा, एक गोष्ट ध्यानात ठेवा. ह्यो कागद तुमच्या काकानं आणलाय. पेटीत ऱ्हायला असता तर तुमाला कोण सांगणार होतं?"

"काका, मला वाटलं होतं तुम्ही..." एवढेच बोलून ती रडू लागली. तडजोडीवर त्याच दिवशी सह्या झाल्या.

तेव्हापासून गाव सांगते की, पाटलांनी स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतः हजर केला. साफ खोटे. बाहेर व्हरांड्यात मी मुन्शीजींना अडवले. "तुम्ही खोटं कशाला बोललात?"

"कागद तुमीच आणला न्हवं?"

"आणला."

"मग खोटं काय त्यात? कशापायी आणला, ते तिनं इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून ते जिना उतरले.

मागच्या वर्षी मुन्शीजी गेले. मी कबरस्तानात जाऊन मूठभर माती दिली. तिथून निघताना जमलेल्या चारचौघांत ती हकिकत पुन्हा निघाली, तेव्हा मी खरे काय ते सांगून टाकले. लोक एकमेकांना म्हणाले, "बघा पाटलांचा मोठेपणा!" त्या ठिकाणी मला आवाज चढवता आला नाही. सुमनलाही फोनवर सांगितले. ती म्हणाली, "असू द्या काका." तिलाही ते पटले नसावे.

यंदा उन्हाळ्यात विहीर तळाला गेली. माझी मोसंबी माना टाकीत होती आणि पाळी सुमनची जमीन कसणाऱ्या बटाईदाराची लागली. तो चार दिवस बाहेरगावी होता. मी मोटार चालू ठेवली असती तर जर्मनीत कुणाला कळणार होते? स्टार्टरजवळ मी बराच वेळ उभा राहिलो. मग मोटार बंद केली आणि त्याला फोन लावला. "कुठं हिंडायलास बे? तुझी पाळी हाय."

तो दुपारीच परतला. "मालक, तुमची बाग अर्धी कोरडीच हाय की!"

"आधी तुझं भिजव," मी म्हणालो, "आणि गावात कुणापाशी बोललास तर याद राख."