शिट्टीचं सबस्क्रिप्शन

“अहो, तुमचा कुकर मुका झालाय,” फोनवरच्या बाई सांगत होत्या. “काल अपडेट का काय ते आलं आणि तेव्हापासून शिट्टीच नाही. डाळीचं पार पिठलं झालं माझ्या.”

त्या डोंबिवली पूर्वेच्या. त्यांच्या आधीचा फोन कल्याणचा होता, त्याच्या आधीचा आंबिवलीचा. तिन्ही फोन मीच घेतलेले, कारण सपोर्ट टीमच्या सगळ्या लाइन बिझी होत्या आणि त्या टीमची हेड मी. ठाण्यात कोलशेत रोडवर आमचं ऑफिस. आम्ही स्मार्ट कुकर बनवतो.

स्मार्ट म्हणजे काय, ते आधी सांगते. हा कुकर विजेवर चालतो. आत एक सेन्सर असतो, तो वाफेचा दाब मोजतो. दाब वाढला की वाफ बाजूच्या झडपेतून हळूच सुटते. त्यामुळे खरी शिट्टी होतच नाही. पहिला नमुना बायकांना दाखवलेला तेव्हा सगळ्या त्याच्यासमोर उभ्या राहून वाट बघत होत्या. “वाजणार कधी?” आपल्याकडे स्वयंपाक मिनिटांत नाही, शिट्ट्यांत मोजतात. भाताला तीन, छोल्यांना विचारू नका. मग आम्ही कुकरमध्ये छोटा स्पीकर बसवला. दाबाची एक फेरी पूर्ण झाली की स्पीकरमधून शिट्टी. कुकर धडाधड खपायला लागले.

आणि आता आमच्या फाउंडरने ती शिट्टी प्लस प्लॅनमध्ये टाकलेली. म्हणजे महिन्याला कटिंग चहाचे पैसे भरा आणि शिट्टी ऐका. नाहीतर फोनवर नुसतं नोटिफिकेशन.

मी तडक त्याच्या केबिनमध्ये गेले. फाउंडरचं नाव निखिल. हुशार मुलगा, घोडबंदरला एकटा राहतो. स्वयंपाकघरात कॉफी सोडून काही करत नाही.

“केतकी, डेटा बघ ना,” तो म्हणाला. “शिट्टी कोणी वापरतच नाही.”

“कोण म्हणतं?”

“डॅशबोर्ड.”

डॅशबोर्ड म्हणजे लोक कुठलं बटण किती वेळा दाबतात ते दाखवणारा स्क्रीन. शिट्टीपुढे जवळजवळ शून्य होतं. मग बघितलं, हे मोजतात कसं? तर ॲपमध्ये जाऊन शिट्टीचं सेटिंग उघडलं तरच ‘वापर’ धरलेला. शिट्टी मुळातच चालू होती. सेटिंग उघडायला जाणार कोण?

“निखिल, तू पंखा वापरतोस की नाही हे त्याचा रेग्युलेटर किती वेळा फिरवलास त्यावरून ठरवणार का?”

त्याने स्क्रीन बंद केला. पण मागेही हटला नाही. “काही लोक खूश आहेत, केतकी. शांतता हवी होती म्हणतात.”

तेही खरंच होतं. आमच्या ग्राहकांचा फेसबुक ग्रुप एव्हाना दुभंगलेला. एकीकडे शिट्टीवाले, दुसरीकडे शांततावाले. ‘शिट्टी हा माझा हक्क आहे’ अशी पोस्ट पडली की खाली ‘झोपलेलं बाळ हासुद्धा माझा हक्क आहे.’ एका काकांनी तोंडाने शिट्टी वाजवून व्हिडिओ टाकला, वर लिहिलं, ‘ही फुकट आहे.’ तो व्हिडिओ आमच्या डीलर्सपर्यंत पोचला आणि ते सणाची ऑर्डर थांबवतो म्हणाले. ते ऐकल्यावर निखिलचा चेहरा पहिल्यांदा उतरला.

मी म्हटलं, “चल, लोकांना भेटू.”

रविवारी सकाळी बाळकुमच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्सच्या क्लबहाउसमध्ये मीटिंग ठेवली. तिथे आमचे ग्राहक भरपूर. खुर्च्या आम्ही गोल मांडलेल्या. लोकांनी आल्या आल्या त्या ओढून दोन बाजू केल्या, लग्नात असतात तशा.

शांततावाल्यांच्या पुढे श्वेता, कडेवर सहा महिन्यांची मुलगी. “मी बाराव्या मजल्यावर राहते. हिला झोपवायला एक तास लागतो. आणि शिट्टी एका सेकंदात उठवते. प्लीज, परत आणू नका.”

“अगं, मग तू बंद कर ना! आमची का घालवतेस?” समोरून तीन आवाज आले.

निखिल उठला. “पण तुम्हाला नोटिफिकेशन येतं ना फोनवर?”

शिट्टीवाल्यांत मधोमध भोईरकाकू बसलेल्या. बाळकुमच्या मूळच्या. कॉम्प्लेक्स उभं आहे तिथे त्यांची भातखाचरं होती. त्यांच्या मुलाने हौसेने आमचा कुकर आणलेला.

“ए बाला,” त्या निखिलला म्हणाल्या, “माजे घरान बारा मानसां जेवतान. माजे हात पिठान. मी फोन कुठशी बगू? आनि फोन नातीकरं. ती त्याचेवर नाचतं.”

दोन्ही बाजू हसल्या. निखिलसुद्धा. पण काकूंचं संपलं नव्हतं.

“आनि खरा सांगू? तुजी ती शिट्टी पन काय शिट्टी नव्हती. पोरांचे खेळन्यातली पिपानी होती.”

यावर मात्र सगळं क्लबहाउस एक झालं. हो हो, पिपाणीच! आमच्या आवाजाच्या टीमने स्टुडिओत महिनाभर बसून केलेली ती शिट्टी. मी निखिलकडे बघितलंच नाही.

“मग खरी कशी असते?” त्याने विचारलं. खोडसाळपणे नाही, त्याला खरंच माहीत नव्हतं.

काकू उठल्या. “चल घरा.”

आणि निघालं की हो सगळं क्लबहाउस! काकूंचं घर मागच्या गेटबाहेर, जुन्या गावठाणात. पुढे काकू, मागे निखिल, मग मी, मग दोन्ही पक्ष. श्वेता बाळाला घेऊन सगळ्यात मागे. ओट्यावर जुना ॲल्युमिनियमचा कुकर होता, बूड काळं झालेला. काकूंनी तुरीची डाळ लावली. मी फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि फोन निखिलच्या हातात दिला.

“कोनी बोलाचा नाय,” काकूंनी हुकूम सोडला.

सगळे गप्प. कुकर फुसफुसायला लागला. शिट्टी होणार एवढ्यात मागच्या दारातून काकूंचे दीर आत आले, हातात पिशवी. “भाबी, बोंबील हाडलेन!” नेमकी तेव्हाच शिट्टी झाली. पहिलं रेकॉर्डिंग गेलं. दिरांना कोपऱ्यात उभं केलं.

दुसऱ्या वेळी आम्ही इतके गप्प होतो की कोणीतरी फिसकन हसलं. मग शेजारचा हसला. मग अख्खं स्वयंपाकघर पोट धरून हसत सुटलं, काकू पदर तोंडात कोंबून. शिट्टी त्या हसण्यात बुडाली.

“परत! परत!” शांततावालेच ओरडत होते.

तिसऱ्या वेळी निखिल फोन घेऊन कुकरच्या अगदी जवळ वाकला. चष्मा वाफेने पांढरा. आणि शिट्टी अशी काही फुटली की तो “आई गं!” करत मागे उडाला तो थेट तांदूळ भिजवलेल्या टोपात हात घालून बसला. श्वेताची मुलगी दचकली. सगळ्यांनी श्वास रोखला. मुलीने एकदा निखिलकडे बघितलं आणि खदखदून हसली.

चौथी शिट्टी मिळाली. स्वच्छ, खणखणीत, शेवटी जरा घसा बसल्यासारखी. डाळ मात्र पार विरून गेलेली. काकूंनी तिचं वरण केलं आणि वर लसणाची फोडणी दिली. त्या ओट्याभोवती उभं राहूनच आम्ही ते ओरपलं.

खाता खाता निखिल म्हणाला, “शिट्टी फुकट. सगळ्यांना. आणि बंद करायचं बटण कुकरवरच देऊ, ॲपमध्ये नको.” श्वेताने वाटी खाली ठेवून टाळी दिली. नवीन बटण बसवायला नको, अपडेटने जुन्यालाच हे काम देता येणार होतं. एक बटण आधीच होतं कुकरवर, ‘स्टार्ट’च्या शेजारी, दुसऱ्याच एका कामासाठी. त्या कामाला ते कोणीच दाबत नव्हतं. हे मात्र डॅशबोर्डने बरोबर सांगितलेलं.

आठवड्याभरात अपडेट गेलं. काकूंची शिट्टी, त्यांची परवानगी घेऊन. डीलर्सनी ऑर्डर सोडल्या. ऑफिसात पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी श्वेताचा फोन आला. हसून हसून तिला बोलता येत नव्हतं. “केतकी, अगं, सगळ्या बिल्डिंगमध्ये एकच शिट्टी आहे! कुठेही वाजली की अख्खा मजला आपापल्या स्वयंपाकघरात पळतो. समोरच्या आजोबांनी शेजारच्यांच्या शिट्ट्या मोजून आपला कुकर बंद केला!”

मी निखिलला सांगितलं. त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

पुढचा सगळा महिना आमची आवाजाची टीम ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत घरोघरी फिरली, जुने कुकर शोधत. आता आमच्या कुकरमध्ये निवडायला खूप शिट्ट्या आहेत. कंपनीत नवीन माणूस आला की मी त्याला एवढंच सांगते, डॅशबोर्ड जरूर बघ, पण आधी डाळ लावून ये.