चुलतसासऱ्यांना पहिला नमस्कार

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण शेवटी तुम्हाला माझी कीव येणार आहे.

गुडगाव तेव्हा नुकतं वसत होतं. आम्ही नव्या घरात राहायला गेलो आणि महिन्याभरात बाथरूम गळायला लागलं. मी नेमका कंपनीच्या कामासाठी तीन आठवडे मद्रासला. इकडे शुभा, म्हणजे माझी बायको, नोकरी, कुत्रा आणि ठेकेदार अशा तिघांना सांभाळत बसलेली.

त्यातच तिचे ग्वाल्हेरचे काका यायचे ठरले. शुभाला त्यांनीच वाढवलं. आम्ही लग्न त्यांना न विचारता केलं, म्हणून सात वर्षं ते आमच्याशी बोलत नव्हते. मी त्यांना पाहिलं होतं ते फक्त शुभाच्या बारशाच्या फोटोत.

"गोड बोल रे त्यांच्याशी," शुभा फोनवर म्हणाली. "आता परत रुसले ना, तर मला माहेरच उरणार नाही."

काका येणार त्याच दिवशी मी विमानतळावरून थेट घरी आलो. शुभा मार्केटमध्ये गेलेली. हॉलमध्ये सोफ्यावर पांढरीशुभ्र मिशी, पांढरा कुर्ता, असे एक गृहस्थ चहा पीत बसलेले. पायाशी आमचा शेरू निवांत पसरलेला. आता शेरू म्हणजे काय, तर पोस्टमनचा जुना वैरी. तो ज्याच्या पायाशी झोपतो तो माणूस घरचाच असणार, नाही का?

मी बॅग टाकली आणि वाकून नमस्कार केला.

"जीते रहो," ते जरा दचकून म्हणाले.

ग्वाल्हेरची मराठी मंडळी हिंदीत कधी शिरतात ते त्यांनाही कळत नाही. मीही हिंदीत सुरू झालो. "सफर कैसा रहा?"

"बस, फरीदाबाद से सीधा आ रहा हूँ."

बरोबर, ग्वाल्हेरची गाडी थांबते तिथे. मी हात जोडले. "जो हुआ सो भूल जाइए. माफ कर दीजिए."

"नहीं जी, गलती हमारी है. देर हमने की."

सात वर्षांचा राग असा एका वाक्यात गेला! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना आमच्या बेडरूममध्ये नेऊन आडवं केलं, पंखा लावला, नवा टॉवेल दिला.

तेवढ्यात बाथरूममधून ठाकठूक ऐकू आली. शेरू तिकडे धावला आणि दारात उभा राहून जीव तोडून भुंकायला लागला. आत बनियन घातलेला, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला एक म्हातारा बेसिनखाली शिरलेला.

मी भडकलो. "तीन हफ्ते में एक नल नहीं लगा? घर में बुजुर्ग आए हैं, निकलो यहाँ से!"

"बस, ये नट कस लूँ..."

"कुछ मत कसो. बाहर!"

तो बिचारा पाना ठेवून निमूट फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. मी आतून कडी लावली. वर स्वतःवर खूश.

पाच मिनिटांनी बेल वाजली. दारात शुभा, हातात दह्याचं भांडं आणि मागे तो बनियनवाला.

"अरे, काका बाहेर का उभे आहेत?"

"काका आत झोपलेत," मी म्हणालो.

शुभानं बेडरूममध्ये डोकावून पाहिलं. "हा ठेकेदार आपल्या पलंगावर काय करतोय?"

आता लक्षात आलं ना? तीन आठवडे ठेकेदार रोज येत होता. शेरूची आणि त्याची दोस्ती झालेली. आणि काका पडले वॉटर वर्क्समधून रिटायर झालेले इंजिनियर. गळका नळ बघून त्यांना राहवलं नाही.

मी सगळं कबूल केलं. शुभा रडायच्या बेतात. काका बनियनवरच खुर्चीत बसले, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"शुभे," ते म्हणाले, "सात वर्षं मला एकच घोर होता. कुठल्यातरी चलाख माणसानं आमच्या पोरीला फसवून नेलं म्हणून."

"मग काका?"

"मिटला घोर. याला कुणाला फसवणं जमायचं नाही."